आयव्हीआयजी का प्लाझ्मा एक्स्चेंज? आमच्यापुरतं उत्तर

बहिणीला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस झाला होता, म्हणजे शरीराच्याच अँटीबॉडी मेंदूवर उलटतात तो आजार, मुळाशी ओव्हरीतला टेराटोमा, एक प्रकारची गाठ. गाठ काढायची की नाही हा प्रश्नच नसतो, ती काढायचीच, स्टिरॉइडही चालूच असतात. घोळ होतो तो पुढे: आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देणं, का प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला पातळ भाग मशीनने काढून बदलणं?

ऐकायला मला प्लाझ्मा एक्स्चेंज जास्त पटलेलं. अँटीबॉडीच त्रास देतायत ना, मग रक्तातून बाहेर काढा की सरळ. पण त्याला मानेत नाहीतर जांघेत जाड लाईन लागते, साधारण एक दिवसाआड पाच ते सात वेळा मशीन, दर वेळी दोन-तीन तास, आणि हा पेशंट दोन मिनिटं स्वस्थ पडत नाही हो! तोंड सारखं चावल्यासारखं हलतंय, हात हवेत काहीतरी ओढतायत, त्यात मानेला काही टोचतंय म्हटल्यावर बहिणीचा हात आधी तिथेच जायचा. हात बांधले की ती अजून बिथरायची, झोपेचं औषध वाढवलं की श्वासाची काळजी. शिवाय या आजारात बीपी आपलं आपणच वर-खाली होतं, मशीनवर पडलं की सेशन अर्धवट. कॅल्शियम उतरून ओठांना मुंग्या येतात म्हणे, पण तिला ते सांगता कुठे येत होतं.

आयव्हीआयजी साध्या सलाईनच्या सुईतून जातं, पाच दिवस, दिवसाला किलोमागे ०.४ ग्रॅम. तिने सुई उपटली तर नर्स दुसऱ्या हाताला लावायची, वर बँडेज गुंडाळायची, विषय संपला. डोकेदुखी, ताप येतो, किडनी आणि रक्ताच्या गुठळीकडे लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा किडनी आधीच कमजोर असेल किंवा पूर्वी गुठळी झालेली असेल तर माझं मत बाजूला ठेवा, तिथे एक्स्चेंज बरं पडू शकतं.

आता मी काही डॉक्टर नाही, पण पेशंट असा खवळलेला असेल तर मी पुन्हा आयव्हीआयजीच म्हणेन.

आणि हो, दोन्ही करायचं ठरलं तर एक्स्चेंज आधी, नाहीतर दिलेलं आयव्हीआयजी त्यातच धुतलं जातं. रिपोर्टमध्ये अँटी-हू किंवा अँटी-यो (कॅन्सरसोबत येणाऱ्या वेगळ्या अँटीबॉडी) आलं असेल तर मात्र या दोन्हींकडून फार आशा नको, तिथे नासधूस मुख्यतः टी-सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) करतात, सगळा जोर कॅन्सरच्या ट्रीटमेंटवरच लावावा लागतो. आमच्याकडे आयव्हीआयजीने बीपी जरा ताळ्यावर आलं, पण बोलायला लागली ती रिटुक्सिमॅब या पुढच्या टप्प्याच्या औषधानंतरच, त्यामुळे पहिल्या कोर्सने हललं नाही तर पुढचं कधी सुरू करणार हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.