हरणाच्या शिकारीसाठी जमीन लीजवर घेताय? आमचे १,७७५ डॉलर कसे गेले ते आधी वाचा

विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगनकडे आपले जे मराठी लोक हल्ली डिअर हंटिंगला जायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याबरोबर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झालं. लिहायला वेळ लागला कारण बाबांना विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं, ते म्हणाले लिही, दुसऱ्याचे तरी वाचतील.

आधी बाबांबद्दल सांगतो म्हणजे एवढं का लागलं ते कळेल. बाबा रत्नागिरी जिल्ह्यातले. भातात डुकरं शिरायची म्हणून आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि गावाची पारध निघायची तेव्हा बाबा लहानपणी हाकाऱ्यांच्या मागे पळायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि ते सगळं बंद झालं, बाबा अजूनही म्हणतात की बरंच झालं, रान ओस पडायला लागलं होतं. पुढे ८४ साली नोकरीसाठी विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीला आले, फाउंड्रीतल्या सहकाऱ्यांनी पहिल्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यांना जंगलात नेलं आणि तेव्हापासून तो आठवडा बाबांचा. १९७३ किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, म्हणून मला करावा लागला, बाबांना गरज नव्हती तरी ते माझ्या शेजारी बसून पूर्ण कोर्स ऐकत होते.

आम्ही कायम पब्लिक लँडवरच, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनीवरच जायचो. पण त्या वर्षी बाबा ७३ चे, वसंतात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अंधारात बंदूक घेऊन ओंडक्यांवरून मैलभर चालणं शक्यच नव्हतं. म्हणून मीच ठरवलं की या वेळी खाजगी जमीन लीजवर घ्यायची, गाडी जवळपर्यंत जाईल अशी.

जाहिरात एका सोशल मीडियाच्या खरेदी-विक्रीच्या पानावर सापडली. ब्लॅक रिव्हर फॉल्स गावाच्या पलीकडे ४० एकर, हीटर असलेली केबिन, केबिनपासून दोनशे पावलांवर बसायला बंद मचाण, गन सीझनचे, म्हणजे बंदुकीने शिकार करायच्या हंगामाचे पूर्ण नऊ दिवस १,६०० डॉलर. माणूस फोनवर इतका नीट बोलला की काय सांगू, वाऱ्याची दिशा, हरणं कुठल्या बाजूने मक्याच्या शेतात उतरतात, सगळं. मी गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाला माझ्याही वडिलांचं तेच आहे, तुमच्यासाठी मचाणाला कठडा लावून ठेवतो. त्या कठड्याच्या एका वाक्यावर मी विश्वास टाकला.

दोन पानी करारपत्र आलं, लायसन्सचा फोटो आला, सॅटेलाइट मॅपवर जागा दाखवली. मी मॅप उघडून बघितलं, छप्पर दिसलं, रस्ता दिसला, झालं माझं समाधान. ८०० डॉलर बँकेच्या ॲपमधून थेट पाठवले. आठवड्याने म्हणाला लायबिलिटी इन्शुरन्सचे १७५ वेगळे. ते दिले. मग ऑक्टोबरच्या शेवटी फोन, दुसरी पार्टी पूर्ण पैसे द्यायला तयार आहे, आज उरलेले ८०० आले नाहीत तर मला त्यांना द्यावी लागेल. तेही दिले, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून दिले.

आणि आता जे सांगतोय ते नीट वाचा. त्याने ट्रेल कॅमेऱ्याचे (जंगलात लावून ठेवतात, जनावर आलं की आपोआप फोटो काढतो तो) फोटो पाठवले होते, खाली ऑक्टोबरच्या तारखा. मी ते कौतुकाने बाबांना दाखवले. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, याच्या शिंगांवर अजून मखमल आहे. ऑक्टोबरात मखमल कशी असेल?" या हरणांची शिंगं उन्हाळाभर मऊ कातडीखाली वाढतात आणि ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात या काळात नर झाडाला घासून ती कातडी काढून टाकतात. म्हणजे फोटो उन्हाळ्यातला आणि तारीख खोटी. मी काय म्हणालो माहितीये? कॅमेऱ्यात तारीख चुकीची सेट केली असेल बाबा, असू दे. बाबा गप्प बसले. चाळीस वर्षं हरणं बघितलेला माणूस समोर बसून सांगत होता आणि मी त्यांचं ऐकलं नाही.

ओपनर, म्हणजे सीझनचा पहिला दिवस, शनिवारी, २३ नोव्हेंबरला होता. शुक्रवारी दुपारी निघालो, आईने डब्यात थालीपीठं आणि लसणाची चटणी दिलेली, बाबांनी शिकारीची नवीन भडक केशरी, ब्लेझ ऑरेंज टोपी घातली ती घरापासूनच. तीन तासांनी अंधार पडल्यावर पोचलो तर फाटकाला साखळी, त्याने दिलेला कुलपाचा नंबर लागेना, फोन बंद. तेवढ्यात आतून पिकअप आला. साठीच्या आसपासचा गृहस्थ, सोबत मुलगा. मी करारपत्र दाखवलं. त्याने दिव्यात धरून वाचलं आणि हळू आवाजात म्हणाला, या आठवड्यात असा कागद घेऊन येणारे तुम्ही तिसरे. जमीन त्याची, केबिन त्याच्या वडिलांनी बांधलेली, उद्या त्याचीच नातवंडं तिथे बसणार होती. मचाणाला कठडा वगैरे काही नव्हता.

मला नंतर रात्रभर एकच गोष्ट छळत होती. आम्ही उशिरा पोचलो असतो आणि फाटक उघडं असतं तर पहाटे अंधारात आत जाऊन बसलो असतो. तिकडून त्याची नातवंडं, इकडून अजून दोन फसलेल्या पार्ट्या, सगळ्यांच्या हातात रायफल आणि कोणालाच माहीत नाही दुसरा कुठे बसलाय. पैशाचं सोडा हो, यात माणूस मेला असता. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये बोर्ड लावलेला नसला तरी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं बेकायदेशीर आहे, मी फसलो होतो हे सांगून दंड माफ होईलच असं नाही.

त्या भल्या माणसाने थर्मासमधली कॉफी दिली, शेरीफच्या ऑफिसला स्वतः फोन लावून दिला. मोटेल कुठेच नाही, ओपनरच्या वीकेंडला त्या भागात खोली मिळत नसते. गाडीतच झोपलो. सकाळी ब्लॅक रिव्हर स्टेट फॉरेस्टमध्ये गेलो तर पार्किंग भरलेलं, आणि वर अजून एक अडचण, मादीचे टॅग (एक हरीण मारायची परवानगी) आम्ही प्रायव्हेट लँडचे घेतले होते, ते पब्लिक लँडवर चालत नाहीत, म्हणजे फक्त नराचा टॅग उरला. बाबा रस्त्यापासून पन्नास पावलांवर खुर्ची टाकून बसले, दहापर्यंत बसले, मग म्हणाले पाय आखडलाय, जाऊया घरी. परत येताना एकदाही फोटोचा विषय काढला नाही त्यांनी. काढला असता तर बरं वाटलं असतं मला.

पैसे परत आले नाहीत. बँकेचं म्हणणं, ट्रान्सफर तुम्ही स्वतःहून केलाय, कोणी तुमच्या अकाउंटमधून चोरलेले नाहीत. क्रेडिट कार्डवर दिले असते तर निदान तक्रार करून भांडता आलं असतं. एफबीआयच्या इंटरनेट क्राइमवाल्या आयसीथ्री साइटवर आणि राज्याच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार केली, तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच दिवशी करा, चॅट डिलीट करू नका.

मी एक काम केलं असतं तर हे टळलं असतं. काउंटीच्या वेबसाइटवर जमिनीच्या नोंदींचा नकाशा असतो, आपल्या सातबारासारखाच समजा, फुकट बघता येतो, तुकड्यावर क्लिक केलं की मालकाचं नाव आणि टॅक्सचं बिल जातं तो पत्ता दिसतो. मी घरी आल्यावर बघितलं, दोन मिनिटं लागली, नाव सरळसरळ वेगळं होतं. आणि नाव जुळलं तरी थांबू नका, ते कोणीही तिथूनच उचलू शकतो. सप्टेंबरमध्ये एक शनिवार काढून जा, दिवसाउजेडी मालकाला जमिनीवर भेटा, त्याच्याबरोबर हद्दीवरून चाला, मग पैसे. माणूस भेटायला टाळाटाळ करतोय, आजच पैसे मागतोय, तर सोडून द्या, कितीही गोड बोलू दे. आणि बरोबर कोणी जुनं जाणतं असेल तर फोटो त्यांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

तो फोटो मला परत दिसलाय. या ऑगस्टमध्ये, दुसरी काउंटी, दुसरं नाव, किंमत २,१०० डॉलर. मोठा नर, उजवीकडे बघतोय, मागे गंजलेलं पिंप, शिंगांवर मखमल, खाली तारीख १९ ऑक्टोबर. मी लगेच रिपोर्ट केला, दोन दिवसांनी ती जाहिरात निघाली, पण तो अजून कुठेतरी टाकणारच.