क्रूझरला विंडशील्ड लावून उन्हाळा-पावसाळा काढला, त्याचा अनुभव

क्रूझर म्हणजे पाय पुढे टाकून ताठ बसायची बाईक, तिच्या हेडलाईटच्या वर लावायची वारा अडवणारी काच म्हणजे विंडशील्ड. ते घेताना लोक आकार बघतात, क्लिअर (पारदर्शक) की स्मोक (काळसर) ते बघतात, किंमत बघतात, पण उंची कोणी मोजत नाही, आणि इतके महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की ऐंशी टक्के खेळ उंचीचाच आहे.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची मीटिऑर 350, त्यातलं फायरबॉल व्हेरियंट. सुपरनोव्हा व्हेरियंटला विंडशील्ड कंपनीतूनच येतं, फायरबॉलला नाही, म्हणून बाहेरून घेतलं. रोजचं जाणं-येणं मुलुंड ते बेलापूर, ऐरोली ब्रिजवरून, आणि सुट्टीच्या दिवशी जुना पुणे हायवे, कसारा, नाहीतर माळशेज. हे आधीच सांगतो कारण तुमचा रस्ता वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं निघेल.

क्रूझरवर आपण ताठ बसतो, पाय पुढे, हात वर, म्हणजे छाती पूर्ण उघडी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, 40 ला जेवढा लागतो त्याच्या चौपट 80 ला, त्यामुळे शहरात काही वाटत नाही पण खोपोलीपर्यंत जाईस्तोवर मान आणि खांदे भरून येतात, कारण आपण न कळत हँडल घट्ट धरून वाऱ्याशी भांडत असतो. विंडशील्ड लावल्यावर पहिला फरक हाच जाणवला. छातीवरचा दाब गेला, हात सैल झाले. लांब जाणाऱ्याला एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल आहेत.

पण फक्त मुंबईत फिरवत असाल तर माझ्या मते घेऊ नका. जिथे खरा वारा लागतो ते रस्ते बाईकला बंदच आहेत, सी लिंक नाही, कोस्टल रोड नाही, ईस्टर्न फ्रीवे नाही, अटल सेतू नाही, पुणे एक्स्प्रेसवेही नाही. मुलुंडच्या एलबीएस रोडवर सिग्नलमागून सिग्नल तीसच्या वेगाने जाताना विंडशील्ड फक्त एकच काम करतं, अंगावर येणारी हवा अडवतं. मे महिन्यात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही, शर्ट पाठीला आणि छातीला दोन्हीकडे चिकटतो. मी एप्रिल-मेमध्ये सरळ काढून ठेवलं होतं, चार बोल्ट तर आहेत.

आता उंची. घ्यायच्या आधी मी पुठ्ठा कापून चिकटपट्टीने हेडलाईटच्या वर लावला, हेल्मेट-बूट घालून नेहमीसारखा बसलो (ताठ नाही, दहा मिनिटांनी जसं बसतो तसं) आणि बहिणीला बाजूने फोटो काढायला सांगितला. पुठ्ठ्याची वरची कड नाकाच्या रेषेत आली पाहिजे, थोडी खाली चालेल, डोळ्यांच्या वर अजिबात नको. कडेवरून वारा वर उसळतो, म्हणून कड नाकाशी असली तरी तो हेल्मेटच्या वरून जातो. नजर मात्र काचेतून नाही, काचेच्या वरून गेली पाहिजे. पुठ्ठा कापत कापत बरोबर माप मिळालं आणि तेच घेऊन दुकानात गेलो, दुकानदार मोठं घ्या, मोठं घ्या म्हणत होता, मी मापावर ठाम राहिलो.

याचं महत्त्व पावसात कळतं. मित्राकडे उंच, कपाळापर्यंत येणारं विंडशील्ड आहे, जुलैत संध्याकाळी त्याची गाडी घेऊन मी ऐरोली ब्रिजवरून आलो. व्हायझरवर थेंब, त्याच्यापुढे काचेवर थेंब, वायपर नाही, आणि समोरून ट्रकची लाईट आली की काचेवरचा प्रत्येक थेंब वेगळा पेटतो आणि मधला रस्ता नाहीसा होतो. व्हायझर हाताने पुसता येतो, ती काच चालत्या गाडीवर पुसता येत नाही. माझ्या गाडीवर त्याच पावसात मी कडेवरून बघतो, काच भिजली काय, चिखलाने भरली काय, फरक पडत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याने उंच विंडशील्ड घेऊच नये, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

हेल्मेट हलतं, घूं घूं आवाज येतो, ही तक्रार बरेच जण करतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात सीटवरून थोडं उठून बघा, मग थोडं खाली सरकून बघा. उठल्यावर शांत झालं तर काच कमी उंच हवी, खाली गेल्यावर शांत झालं तर जास्त उंच हवी. त्याआधी कोन बदलून बघा, जरा मागे कलवली तरी पुष्कळ फरक पडतो. काच आणि हेडलाईटच्या मधे थोडी फट राहू द्या, तिथून हवा आत आली की मागे पोकळी होत नाही आणि पाठीवर येणारा उलटा झोत कमी होतो. मागे बसणाऱ्याला मात्र फारसा फायदा नाही, बायको म्हणते मला वारा आहे तेवढाच आहे.

खाडीवर आडवा वारा असतो तेव्हा हँडल हलकंसं ओढल्यासारखं वाटतं, कारण काच हँडलवरच क्लॅम्प केलेली आहे. सवय होते, पण पावसाळी वाऱ्यात पुलावर मी वेग कमीच ठेवतो. रुंद काच घेतली तर हे वाढणार, शिवाय ट्रॅफिकमधून काढताना अडचण वेगळी.

ही काच खरं तर प्लास्टिकची असते. पॉलिकार्बोनेट घ्या, दगड बसला तरी सहसा फुटत नाही. ॲक्रिलिकवर चरे कमी पडतात पण ते तडकतं. पॉलिकार्बोनेटवर हार्ड कोटिंग (चरे पडू नयेत म्हणून दिलेला कडक थर) आहे का ते विचारून घ्या, नाहीतर मेट्रोच्या कामाची धूळ सुक्या फडक्याने पुसलीत की महिन्याभरात बारीक चऱ्यांची जाळी होते, आणि संध्याकाळी ठाण्याहून घोडबंदरला जाताना सूर्य समोर असला की ती जाळी पूर्ण दिसते. ओलं फडकं पाच मिनिटं टाकून ठेवायचं, किडे-चिखल मऊ होतो, मग साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर. अमोनियावाला ग्लास क्लीनर आणि पेट्रोल कधीच नाही, बारीक तडे जातात.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. माझ्या किटमधले साधे होते, पहिल्याच पावसात गंजले, खारी हवा आहे आपल्याकडे, मग बदलून घेतले. आणि बसवून झालं की दुकानातून निघायच्या आधी हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ब्रॅकेटला घासत नाहीत ना, काच टाकीला लागत नाही ना ते बघा, लागत असेल तर तिथेच सरकवून घ्या.