सामायिक डेटा कुठे ठेवायचा: रेडिस, काफ्का, एटसीडी, की आहे तोच डेटाबेस?

तीन-चार अ‍ॅप्सना तोच डेटा वाचायचा-लिहायचा आहे आणि मशीन बंद पडलं तरी तो राहायला हवा. अशा वेळी चर्चा लगेच वेगावर जाते. मी आधी एवढंच विचारतो: एखादं अ‍ॅप दहा मिनिटं बंद होतं, तर परत आल्यावर त्याला काय कळायला हवं? आत्ताची स्थिती, की मधे काय काय घडलं तेही?

आत्ताची स्थिती पुरत असेल तर रेडिस. सगळं मेमरीत, म्हणून चपळ. टिकाऊपणाचं मात्र तुम्हालाच बघावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये तो अधूनमधून स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, डिस्कवर घेतो; वीज गेली की शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचं सगळं गेलं. एओएफ (प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी लिहिणं) चालू करून दर सेकंदाला डिस्कवर लिहायला लावलं, की नुकसान साधारण सेकंदाभरावर येतं. आणि त्याचं पब-सब (बदलाची सूचना ऐकणाऱ्या सगळ्या अ‍ॅप्सना पाठवायची सोय) म्हणजे दवंडी: हजर होता त्याने ऐकली. पाच सेकंद कनेक्शन तुटलेलं अ‍ॅप नंतर खुशाल जुनाच डेटा दाखवत बसतं, लॉगमध्ये एररही नसते. हे टाळायला रेडिस 5.0 पासून आलेले स्ट्रीम्स वापरा; त्यात संदेश साठून राहतात.

मधलंही सगळं हवं असेल तर काफ्का. हा वहीसारखा: नोंद शेवटी जोडली जाते आणि प्रत्येक वाचक आपल्या ऑफसेटपासून, म्हणजे आधी थांबलेल्या जागेपासून, पुढे वाचतो. नोंदी मुळात 7 दिवस राहतात, मुदत वाढवता येते. पण ‘या ग्राहकाचा सध्याचा पत्ता काय?’ असं थेट विचारायची सोय नाही. काफ्का 4.0 पासून सोबत झूकीपर ही वेगळी समन्वय प्रणाली चालवायची कटकट संपली, तरी दोन छोट्या अ‍ॅप्ससाठी काफ्का म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

एटसीडी या पंगतीतला नव्हेच; थोडा पण महत्त्वाचा डेटा अनेक मशीनवर सारखा ठेवणारा हा साठा. अनेक मशीनवर कंटेनर चालवणारं कुबरनेटीस आपली स्थिती यात ठेवतं. तीनपैकी एक नोड (मशीन) पडला तरी काम चालू राहतं. मात्र साठ्याची मूळ मर्यादा 2 जीबी. कॉन्फिगरेशन, लॉक, अनेक प्रतींपैकी लीडर कोण, एवढंच ठेवा.

पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच चालू असेल तर त्यातली लिसन-नोटिफाय ही अ‍ॅप्सना सूचना पाठवायची सोय बघा. सूचना कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल पक्का झाल्यावरच, जाते. मजकूर 8000 बाइटांच्या आत हवा, म्हणून फक्त आयडी पाठवा आणि ओळ टेबलातून वाचा. अ‍ॅप बंद असताना सूचना इथेही हुकते, पण ओळ टेबलात असतेच. सुरू होताना एकदा वाचून घेतली की भागतं. मी नवं काम इथूनच सुरू करतो.