‘दुरुस्त केलेली’ जुनी करवत: माझी झालेली फसवणूक

‘डिस्टनची जुनी करवत, गंज काढून तयार केलेली, मूठ मूळचीच’ असं सांगून मला एक करवत विकण्यात आली. डिस्टन हा करवती बनवणारा जुना अमेरिकी कारखाना. पैसे देण्याआधी मी दोन गोष्टी स्पष्ट विचारल्या होत्या: मूठ कधी तुटली होती का, आणि पात्यावर ग्राइंडर फिरवलाय का. दोन्हींना लेखी ‘नाही’ आलं. दोन्ही उत्तरं धडधडीत खोटी होती.

पहिल्यांदा मूठ गेली. फळी चिरता चिरता मुठीचं वरचं शिंग, म्हणजे बाहेर आलेलं निमुळतं टोक, माझ्या हातातच तुटलं. आत लाकूड नव्हतंच. भुसा आणि सुपरग्लू यांचा पिवळट गोळा, त्यावर रंग, त्यावर जाड वार्निश. शिंगाच्या टोकाला लाकडाचे रेषे आखूड आणि आडवे पडतात, म्हणून जुन्या मुठी बहुधा तिथेच तुटतात. त्यात विकणाऱ्याला कमीपणा येण्यासारखं काही नाही. नीट काम करणारा तुटलेली जागा सपाट करतो, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषे जुळवून चिकटवतो आणि वाळल्यावर कानशीनं आकार देतो. सांध्याची बारीक रेघ राहते. मला तर अशी रेघ दिसली की त्या माणसाबद्दल विश्वास वाटतो.

मग मी मुठीचे पितळी नट सोडवले, आणि खरा प्रकार उघडा पडला. मुठीखाली झाकलेलं पातं जुनं, काळपट, पूर्ण जाडीचं होतं. मूठ संपते तिथे नखाला लागेल अशी पायरी होती. डिस्टनच्या चांगल्या करवती पाठीकडे पातळ होत जातात हे खरं, पण तो उतार सलग असतो, त्यात पायरी नसते. हे ग्राइंडरचंच काम. शिवाय पात्याला भोकांचे दोन संच होते, म्हणजे मूठही दुसऱ्याच करवतीची. मुठीवरचा डिस्टनचा बिल्ला खरा होता, पण तो नटानंच बसतो. एका करवतीचा काढून दुसरीला लावायला मिनिटभर पुरतं. हेन्री डिस्टन यांनी 1840 मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेल्या या कारखान्यानं इतक्या करवती बनवल्या की मोडक्या करवतींचे बिल्ले सहज मिळतात. त्यावरून पात्याची ओळख पटत नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते पात्याचं. ग्राइंडरनं पातळ पत्रा क्षणात तापतो. साधारण 300 अंश सेल्सिअसला पोलादावर निळी झाक येते आणि त्याच्याही वर तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं. इथे ती झाक पॉलिशपेपरनं घासून टाकली होती, फक्त मुठीच्या कडेला निळा पट्टा उरला होता. दातांना कानस लावली तेव्हा काही जागी ती नीट चालली आणि काही जागी मऊ लोखंडात रुतावी तशी रुतली. असे दात धार धरत नाहीत, त्यांना दिलेला सेट, म्हणजे एकाआड एक दात डावी-उजवीकडे किंचित वाकवणं, तोही टिकत नाही. गंज काढायला रॉकेल, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला वॉटरपेपर आणि हाताची मेहनत पुरते. त्यानं कारखान्याची कोरीव अक्षरंही शाबूत राहतात. या पात्यावर अक्षराचा मागमूस नव्हता, आणि ‘काळानं पुसली’ असं मला सांगितलं गेलं होतं.

फोटो पाठवून पैसे परत मागितले. आधी ‘जुन्या वस्तूत असं चालतंच’, मग ‘तुम्हीच जोरात वापरली असेल’, मग उत्तरच बंद. काही दिवसांनी त्याच्याकडे तशाच चकचकीत वार्निशची आणखी एक करवत विक्रीला आली.

तुम्ही अशी करवत घेणार असाल, तर मूठ काढून पात्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा, शिवाय दुरुस्तीआधीचा एक. मन लावून काम करणारे हे फोटो हौसेनं पाठवतात. समोरासमोर घेत असाल, तर पातं हलकेच कमानीसारखं वाकवून सोडा आणि दातांच्या रेषेवरून एक डोळा मिटून पाहा. ते सरळ परत यायला हवं. मुठीचा कोपरा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची परवानगी मागा. जुनं लाखेचं पॉलिश असेल तर ते चिकट होतं, आणि खाली काही भरलेलं असेल तर त्याचा रंग वेगळा दिसतो. माझ्या विक्रेत्याकडे त्या नव्या करवतीचा मूठ काढलेला फोटो एका ओळखीच्या सुतारानं मागितला. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.