बत्तीस अक्षरांचे कुलूप

इंदूरच्या रामबागेतील आमच्या वाचनालयाची सभासद नोंदणी ऑनलाइन करायचे ठरले, तेव्हा चिटणीस या नात्याने मीच एका कंत्राटदाराला अठरा हजार रुपये मोजले. त्यांतले सहा हजार निव्वळ 'पासवर्ड सुरक्षे'चे होते. पासवर्ड आम्ही ठेवतच नाही, त्याचा बत्तीस अक्षरी एमडी५ हॅश (ठरावीक सूत्राने काढलेली अक्षरमाला, एका पासवर्डाची नेहमी तीच) ठेवतो आणि हॅशवरून उलटे जाता येत नाही, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. हे विधान खरे होते आणि मी फसलो तो त्याच्या खरेपणामुळेच.

सहा महिन्यांत सभासदांची यादी चोरीला गेली. माझा पासवर्ड म्हणजे माझाच मोबाइल क्रमांक होता आणि, सांगायला लाज वाटते, ईमेललाही तोच होता. माझ्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले गेले व ग्वाल्हेरच्या वहिनींनी बारा हजार पाठवलेही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली, पण तोवर रक्कम खात्यातून निघून गेली होती.

भाच्याने यादी उघडून पडद्यावर बोट ठेवले. अकरा सभासदांच्या नावांपुढे हुबेहूब तीच बत्तीस अक्षरे होती, कारण मंडळाने दिलेला पहिला पासवर्ड त्या अकरा जणांनी बदललाच नव्हता. तो म्हणाला, "मामा, चोराला उलटे जावेच लागत नाही. पाढे पाठ असलेला माणूस दुकानात गुणाकार करत बसतो का?" संभाव्य पासवर्डांचे हॅश एकदाच आधी काढायचे, त्यांच्या लांब साखळ्या करून फक्त दोन टोके साठवायची आणि मधला भाग लागेल तेव्हा पुन्हा काढायचा, ही युक्ती मार्टिन हेलमन यांनी १९८० मध्ये मांडली. २००३ मध्ये फिलिप ओश्लिन यांनी ती सुधारून 'रेनबो टेबल' केले. दोन सीडींत मावणाऱ्या १.४ जीबी तक्त्यांनी विंडोजचे जुन्या पद्धतीचे, अक्षरे व अंक असलेले ९९.९ टक्के पासवर्ड १३.६ सेकंदांत उलगडत. माझ्या पासवर्डासारखे, सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल क्रमांक तर फार तर ४०० कोटी; संगणकाला ते किरकोळ.

प्रत्येक पासवर्डात हॅशपूर्वी वेगळी यादृच्छिक अक्षरे, म्हणजे 'सॉल्ट', मिसळली असती, तर तयार तक्ते निरुपयोगी ठरले असते. युनिक्समध्ये ही सोय १९७० च्या दशकापासून आहे. कंत्राटदाराचे उत्तर असे: "सॉल्ट तुमच्या पॅकेजमध्ये नव्हते."

नव्या कंत्राटदाराला मी एकाच पासवर्डाची दोन खाती उघडायला लावली. दोन्ही हॅश वेगळे दिसल्यावरच धनादेशावर सही केली.