जर्सीवरचं नाव बघून पैसे भरू नका

माझा मावसभाऊ कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील या तिथल्या फुटबॉल संघाची मॅच असली की हा काम सोडून हजर, आणि रात्री जागून इंग्लंडची प्रीमियर लीगही बघणार. त्याचे पैसे कसे गेले ते सविस्तर लिहितोय, कारण हा सापळा फुटबॉलवेड्या पोरांसाठीच लावलेला आहे.

टेलिग्रामवर सट्ट्याच्या एका अ‍ॅपची लिंक आली. नाव तेच, जे तो एका इंग्लिश क्लबच्या जर्सीवर दर आठवड्याला बघायचा. "एवढ्या मोठ्या क्लबचा स्पॉन्सर फ्रॉड कसा असेल?" असं त्याचं म्हणणं. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरून थेट एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, टाकून घ्यायची होती. पैसे भरायला दर वेळी नवा यूपीआय आयडी: कधी कुठले तरी ट्रेडर्स, कधी कुणा बाईचं नाव.

आधी पाचशे लावले, आठशे झाले, खात्यात जमाही झाले. मग रकमा वाढत गेल्या. अ‍ॅपमध्ये दोन लाखांचा आकडा दिसायला लागला आणि पैसे काढायला गेला तर 'पेंडिंग'. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'मॅनेजर' म्हणाला, "सर, तीस टक्के टॅक्स आधी भरा, लगेच रिलीज करतो." पोराने उसनवारी करून तेही भरले. अहो, जिंकलेल्या पैशांवरचा टॅक्स (टीडीएस) पैसे देणाराच कापून घेतो. आधी भरा म्हणणारा चोरच.

पुढे आणखी वाईट झालं. सुरुवातीचे ते आठशे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले. परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेने त्याचं पगाराचं खातं गोठवलं.

जर्सीवरची जागा विकत मिळते, एवढंच. २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगच्या २० पैकी ११ क्लबांच्या छातीवर सट्ट्याच्या कंपन्या होत्या. २०२५-२६ चा मोसम संपला की छातीवरून ही नावं काढायची, असं क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं. बाही आणि मैदानाकडेच्या पाट्या त्यातून सुटल्या. दुसऱ्यांचे असे ब्रँड स्वतःच्या परवान्यावर चालवणाऱ्या एका कंपनीला २०२५ मध्ये ब्रिटनच्या जुगार आयोगाने ३३ लाख पौंडांचा दंड ठोकला, कारण आपले भागीदार कोण हेच तिने नीट तपासलं नव्हतं. ती तिथून गाशा गुंडाळून गेली. शिवाय टेलिग्रामवरची लिंक त्या ब्रँडची तरी कशावरून? नाव आणि लोगो कुणीही चिकटवतो. आपल्याकडे तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी आहे.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (व्यवहार क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. भावाने तक्रार केल्यावर त्याला 'वकिलां'चे फोन सुरू झाले: पैसे परत मिळवून देतो, आधी फी पाठवा. असे फोन आले तर एक रुपयाही देऊ नका, तो नंबरही पोलिसांना द्या.