मार्केट यार्डाजवळचे शिवभोजन केंद्र : दहा रुपयांच्या ताटाचे परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम करीत आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी महिनाभर पुण्याला गेली, दुपारच्या डब्याची सोय मोडली आणि यार्डापासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या, राज्य शासनाच्या अनुदानावर दहा रुपयांत जेवण देणाऱ्या शिवभोजन केंद्रात जाण्याचा योग आला. त्या महिन्यात मी तेथे नऊ वेळा जेवलो, चार वेळा ताटे संपल्यामुळे परत फिरलो आणि तीन वेळा केंद्रच बंद आढळले. यार्डात चहाच्या वेळी ‘लोकांना फुकट खायची सवय लावली’ आणि ‘गरिबाच्या तोंडचा घास काढू नका’ या दोन वाक्यांवर रोज वाद होतो. पण वाद घालणाऱ्यांपैकी त्या बाकावर बसून जेवलेला माणूस मला क्वचितच भेटला. म्हणून आधी ताटाविषयी आणि मग वादाविषयी लिहीत आहे.

केंद्र म्हणजे एका गाळ्यातील साधी खोली. भिंतीला लागून दोन लांब बाके, एक टेबल, मागे स्वयंपाकाची जागा आणि हात धुण्यासाठी बाहेर एकच नळ. महिला बचत गटाच्या चौघीजणी ते चालवतात. नियमानुसार ताटात प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असावे लागते. मी जेवलो त्या नऊही दिवशी ही मापे जवळपास पाळलेली होती. चपात्या तव्यावरून थेट ताटात येत असल्यामुळे गरम आणि मऊ होत्या. मटकीची उसळ उत्तम, दुधीची भाजी बरी. वरण मात्र शनिवारी पातळ होते आणि त्यात डाळ शोधावी लागत होती. शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी नियमात नाही. ती या बायका स्वतःच्या खर्चाने देतात आणि माझ्या मते ताटातील सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे. भांडी स्वच्छ होती. नळाजवळ साबण दोन दिवस नव्हता, तिसऱ्या दिवशी सांगितल्यावर लगेच आला.

ताट घेण्यापूर्वी मोबाइलवर नाव नोंदवून छायाचित्र काढले जाते. बनावट नोंदी टाळण्यासाठी ही व्यवस्था आहे आणि तिचा हेतू योग्य आहे. परंतु हातात दहाची नोट धरून छायाचित्रासाठी उभे राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो अवघडलेपणा येतो, तो मी पहिल्या दिवशी स्वतः अनुभवला. रेंज गेली की रांग थांबते. एकदा असेच दहा मिनिटे सर्व जण खोळंबले होते, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी एका म्हाताऱ्या हमालाला ‘मामा, तुम्ही बसा, फोटो मागनं काढू’ असे म्हणून आधी ताट वाढले. चांगली सेवा म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात दिसले.

येथे जेवायला बसावे की नाही, असा संकोच मला सुरुवातीला वाटत होता, कारण माझी परिस्थिती चाळीस रुपयांची राइस प्लेट घेण्याइतकी नक्कीच आहे. येथे कार्ड विचारत नाहीत, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. मी एकच्या पुढे जाऊन, ताटे शिल्लक असतील तरच बसायचे असे ठरवले आणि ते पाळले. पण याच मुद्द्यावर राज्यकर्त्यांची मते पहिल्यापासून वेगळी आहेत. गरीब कोण हे आधी ठरवावे आणि मग त्यालाच द्यावे, असा एक विचार. पिवळे, केशरी आणि पांढरे रेशनकार्ड त्यातूनच आले. ज्याला गरज असेल त्याने यावे, दार सर्वांना उघडे ठेवावे, हा दुसरा विचार. शिवभोजनाचे ताट दुसऱ्या विचाराचे आहे, आणि मला तोच अधिक पटतो. पिवळ्या कार्डाला वर्षाला १५ हजारांची आणि केशरी कार्डाला एक लाखाची उत्पन्नमर्यादा घालून दिली गेली. त्या आकड्यात प्रामाणिकपणे बसणारे घर आज शोधून सापडणार नाही, त्यामुळे दाखल्यावर खोटे आकडे लिहिण्याची वेळ चांगल्या माणसांवर येते. दोन चपात्यांसाठी रांगेत उभे राहायला मात्र गरज नसलेला माणूस सहसा येत नाही.

एके दिवशी माझ्या शेजारी जत तालुक्यातून आलेल्या एक आजी बसल्या होत्या. मुलाला उपचारासाठी सांगलीला आणले होते, स्वतः आठ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपत होत्या. मी विचारले, ‘आजी, लाडकी बहीणचे पैसे मिळतात का?’ त्यांनी चपातीचा तुकडा वरणात बुडवत सांगितले, ‘माझं वय सरलं की बाबा. सुनेला मिळत्यात. त्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांत जात्यात. हितं दहा रुपये टाकलं की पोटात पडतं, त्ये कुणाच्या हिशोबात जात न्हाई.’ ताटातील भाताचे शीतन्‌शीत त्यांनी बोटाने गोळा करून खाल्ले आणि एक चपाती रुमालात बांधून घेतली. केंद्राबाहेर अन्न न्यायला परवानगी नसते. ताईंनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत.

त्या आजींनी जे सांगितले, त्यावरच गेल्या काही वर्षांतील मोठा वाद उभा आहे. हातात पैसे द्यावेत की अन्न द्यावे? जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवार यांनी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना महिन्याला १५०० रुपये. आरंभी विरोधकांनी ही निवडणुकीसाठीची योजना असल्याची टीका केली. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत महायुती २१०० रुपयांचे आणि महाविकास आघाडी ३००० रुपयांचे आश्वासन देत होती. त्याआधी जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाच्या वेळी ‘रेवडी’ संस्कृती, म्हणजे मतांसाठी फुकट वाटप करण्याची पद्धत, देशाला घातक आहे, असे सांगितले होते. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर येण्याचे मोल मी कमी लेखत नाही. घरात विचारल्याशिवाय चप्पल घेता येत नव्हती अशा बायका मी यार्डातच हळद निवडताना पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींनी पहिल्या हप्त्यातून स्वतःसाठी चष्मा केला. परंतु पैशाला घरात शंभर वाटा फुटतात, ताटाला एकच. दोन्हींचे काम वेगळे आहे. एक सुरू केले म्हणून दुसऱ्याचे पाणी तोडणे मला मान्य नाही.

आणि हे पाणी आटत असल्याचे केंद्रात बसल्यावर जाणवते. शहरात एका ताटाचा खर्च ५० रुपये धरलेला आहे. १० रुपये जेवणारा देतो आणि ४० रुपये शासन देते. ग्रामीण भागात हाच खर्च ३५ रुपये धरला आहे. २०२० साली ठरलेल्या या दरात डाळ, तेल आणि गॅस आज बसत नाही, असे ताईंनी हिशोबाची वही उघडून दाखवत सांगितले. त्याहून मोठी अडचण अशी की अनुदानाची बिले महिनोन्‌महिने थकतात, तोवर किराणा उधारीवर आणावा लागतो. मला बंद आढळलेल्या तीन दिवसांचे कारण हेच होते: दुकानदाराने उधार थांबवली होती. दारावर ‘केंद्र आज बंद आहे’ अशी साधी पाटीही नव्हती आणि लांबून चालत आलेली सात-आठ माणसे शटरसमोर उभी होती. पैसे थकणे बचत गटाच्या हातात नाही, पण पाटी लावणे होते. या चुकीसाठी मी केंद्राचे गुण कमी केले आहेत.

योजनेचा जन्मही वादातूनच झाला. २०१९ च्या निवडणुकीत शिवसेनेने दहा रुपयांत जेवण देण्याचे वचन दिले, तेव्हा शरद पवार यांनी प्रचारात, राज्य चालवायचे आहे की स्वयंपाक करायचा आहे, असा प्रश्न विचारला होता. प्रश्नामागे अनुभव होता, कारण १९९५ नंतर युती सरकारने सुरू केलेली एक रुपयातील झुणका-भाकर लोकांनी पाहिली होती. मोक्याच्या जागा मिळाल्या, पुढे अनुदान बंद झाले आणि अनेक केंद्रांत झुणका-भाकर सोडून बाकी सर्व विकले जाऊ लागले. परंतु तीन महिन्यांतच तीन पक्षांचे सरकार आले, २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन सुरू झाले आणि ते खाते पवारांच्याच पक्षाचे छगन भुजबळ यांच्याकडे होते. टाळेबंदीत ताटाचा दर पाच रुपये केला, २०२१ मध्ये काही महिने ते मोफत दिले. त्या दिवसांत यार्ड बंद होते आणि आमच्याकडचे हमाल या ताटावर जगले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राजकारण्याने मत बदलले म्हणून लोक नावे ठेवतात. मला असे वाटते की भूक समोर दिसल्यावर मत बदलत असेल, तर ते बदलावेच.

या वादातील तिसरी बाजू आमच्या जिल्ह्यातली आहे आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापुरात १९६५ साली एक प्रयोग केला: काम मागेल त्याला काम द्यायचे. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना आली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. माझ्या मुलीच्या पगारपत्रकात तो आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा दिसतो, आणि तो का सुरू झाला हे तिला मी सांगितल्यावरच कळले. पागे यांचा विचार असा, की माणसाला भिक्षा नको, काम हवे, आणि ते मागण्याचा त्याला हक्क हवा. याच विचारावर २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा, म्हणजे मनरेगा, झाला. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत मनरेगाला काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक म्हटले. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्याच सरकारने या योजनेसाठी ४० हजार कोटी रुपये वाढवून दिले.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. कवठेमहांकाळकडच्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते आणि माझी आई तेथे खडी फोडायला जात असे. दुपारी कामावर सुकडी वाटत. आई स्वतःच्या वाट्यातली अर्धी पदराच्या टोकाला बांधून आणायची, आणि घरी आल्यावर ती गाठ सोडताना तिच्या बोटांना पडलेले घट्टे मला दिसायचे. म्हणूनच काम की अन्न, असा प्रश्न कुणी सभेत विचारला की मला तो अपुरा वाटतो. हातोडा उचलण्यासाठी पोटात काहीतरी असावे लागते, हे त्या कामावरच्या अधिकाऱ्यांनाही कळत होते. यार्डातील हमालाचे आजही तेच आहे. सौद्याच्या दिवसांत पन्नास-पन्नास किलोची पोती सकाळपासून उचलणाऱ्या माणसाला ३० ग्रॅमच्या दोन चपात्या पुरत नाहीत. माझ्यासमोर एका तरुणाने दोनदा दहा रुपये देऊन दोन ताटे मागितली, पण एका माणसाच्या नावावर एकच नोंद होत असल्यामुळे त्याला दुसरे मिळाले नाही. शासनाने दर वाढवताना निदान तिसऱ्या चपातीचा विचार करावा. सर्व पक्षांना सारखीच मागता येईल अशी ही मागणी आहे, कारण तिच्यात कोणाची फुकटेगिरी नाही आणि कोणाचा उपकारही नाही.

केंद्राच्या फलकावर नेत्यांची छायाचित्रे आहेत, आणि सरकार बदलले तेव्हा ती दोनदा बदलली असल्याचे कागदाच्या थरांवरून दिसते. खालचा दराचा रकाना मात्र तोच आहे: ‘थाळी रु. १०’.

माझ्याकडून या केंद्राला पाचपैकी चार गुण. चव, स्वच्छता आणि बोलण्यातील माया यांसाठी पूर्ण. न सांगता बंद ठेवल्याबद्दल एक गुण कमी. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन अशी लिहिलेली असली तरी रोजची ताटे ठरलेली आहेत आणि बाजाराच्या दिवशी ती एकच्या आत संपतात. बाहेरगावाहून रुग्णाला घेऊन आलेल्यांनी साडेबारापर्यंत पोहोचावे, सुटे दहा रुपये जवळ ठेवावेत, आणि चटणी आठवणीने मागून घ्यावी; गर्दीत ती वाढायची राहून जाते.